मूळ मजकूर कुठंय? सी. डी. देशमुखांच्या राजीनाम्याचं प्रकरण

सी. डी. देशमुख म्हटलं की आपल्याकडे दोन वाक्यं पाठ असतात. एक म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि दुसरं म्हणजे मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून नेहरूंच्या कॅबिनेटमधून बाहेर पडलेले अर्थमंत्री. दोन्ही खरी आहेत आणि दुसऱ्या वाक्याने मराठी माणसाची छाती अजून फुगते, माझीही फुगते. पण त्या राजीनाम्याचं निवेदन शांतपणे वाचलं तर त्यात मुंबईच्या बरोबरीने दुसरंच काहीतरी येतं. तो माणूस विचारतोय की हा निर्णय कुठल्या मीटिंगमध्ये झाला, त्याची नोंद कुठंय, आणि त्याचा अधिकृत मजकूर कुणाकडे आहे. मला हे प्रकरण त्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहायचंय, कारण तो प्रश्न नुसत्या चिडलेल्या पुढाऱ्याला सुचणारा नाही, आयुष्यभर ग्रंथ वाचलेल्या माणसाला सुचणारा आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी माणूस

चिंतामण द्वारकानाथ देशमुख, जन्म १४ जानेवारी १८९६, गाव नाते, महाडजवळ, रायगडाच्या परिसरातलं. घराणं रोह्याचं, वडील वकील. १९१२ ला मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप त्यांना मिळाली.

ज्यांनी दहावीला संस्कृत घेतलंय त्यांना 'शंकरशेट' या शब्दाचं वजन सांगायला नको. आमच्या बाई एक विसर्ग राहिला तरी अर्धा मार्क कापायच्या आणि वर म्हणायच्या, शंकरशेट असं मिळत नसतं. तेव्हा वाटायचं एका विसर्गाने काय एवढं बिघडतं, पण बिघडतं हो, रामः मधला विसर्ग गाळला की राम हे संबोधन होतं, म्हणजे जो काम करणारा होता तोच हाक मारलेला माणूस होतो, आणि मग वाक्यात काम केलं कुणी याचा पत्ताच लागत नाही. संस्कृत शिकताना पहिली सवय हीच लागते, वाक्य कितीही लांब असू दे, समास कितीही मोठा असू दे, आधी कर्ता शोधायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरचं सगळं भराभर सांगतो कारण ते सगळीकडे मिळतं. केंब्रिजला जीझस कॉलेज, तिथे नॅचरल सायन्सेस, त्यातही बॉटनी, १९१७ ला बॉटनीचं फ्रँक स्मार्ट प्राइझ, १९१८ ला आयसीएसच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या वरच्या सनदी नोकरीच्या, परीक्षेत पहिला नंबर. लंडनमध्ये लोकमान्य टिळकांची भेट झाली, नोकरी सोडून देशकार्यात पडावं असं या तरुणाच्या मनात होतं, आणि लोकमान्यांनीच त्यांना नोकरीत राहायला सांगितलं की कारभाराचा अनुभव स्वतंत्र भारताला लागेल. स्वतः लोकमान्य संस्कृतचे केवढे मोठे पंडित, त्यामुळे ही भेट मला फार मोलाची वाटते. मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वर्षानुवर्षं नोकरी, १९३९ ला रिझर्व्ह बँक, ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर, १९४४ ला नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथे ठरली त्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारताचे प्रतिनिधी, १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा खुर्चीवर तेच, आणि १९५० ला अर्थमंत्री.

अर्थमंत्री कुणाच्या जागी झाले हे इथे महत्त्वाचं आहे. जॉन मथाई यांच्या जागी. मथाईंनी राजीनामा दिला होता तो प्लॅनिंग कमिशनवरून, त्यांचं म्हणणं असं की हे कमिशन कॅबिनेटला समांतर होऊन बसेल आणि अर्थमंत्र्याचा अधिकार पोकळ होईल. म्हणजे बघा, लागोपाठचे दोन अर्थमंत्री गेले आणि दोघांच्याही कारणात एक धागा सारखा आहे, कॅबिनेटमध्ये निर्णय नक्की घेतं कोण. गंमत नाही, हे खरंच विचार करायला लावणारं आहे, कारण देशमुख स्वतः त्या प्लॅनिंग कमिशनचे पहिल्यापासून मेंबर होते, मथाईंची तक्रार त्यांना तेव्हा पटलेली नसणार.

१९५२ ला कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याकडच्या, मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. पण पक्षातलं राजकारण हा त्यांचा पिंड नव्हता. गट नाही, साखर कारखाना नाही, तालुक्याला माणसं नाहीत. त्यांच्याकडे होतं काय तर काम आणि वाचन. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं, स्वतः संस्कृतात कविता करायचे, आणि तो छंद म्हणजे फावल्या वेळेत चार ओळी असा नव्हता. मेघदूत मंदाक्रांतेत आहे, ओळीला सतरा अक्षरं, चार, सहा आणि सात वर थांबायचं, एक लघु इकडचा तिकडे गेला की ओळ लंगडी. ते सगळं तोलून मराठीत आणायचं म्हणजे माणसाला शब्दाशी किती इमान राखावं लागतं हे ज्यांनी एखादा श्लोक जरी उतरवून पाहिलाय त्यांना कळेल.

आणि त्या काव्याची सुरुवातच बघा, कश्चित्कान्ताविरहगुरुणा स्वाधिकारात्प्रमत्तः. कुणी एक यक्ष, आपल्या अधिकाराच्या कामात हयगय केली म्हणून मालकाच्या शापाने ज्याचा महिमा गेला. अधिकार हा शब्द आपण आज सत्ता या अर्थाने वापरतो, तिथे तो नेमून दिलेलं काम या अर्थाने आहे. देशमुखांच्या प्रकरणात हा दुसरा अर्थ डोक्यात ठेवला की बऱ्याच गोष्टी सरळ दिसतात.

प्रकरण काय होतं

भाषेनुसार राज्यं करायची हे काँग्रेसचं जुनं आश्वासन. स्वातंत्र्यानंतर मात्र दिल्लीला धास्ती बसली, फाळणी नुकतीच झालेली, परत भाषेवरून तुकडे नकोत. १९४८ ला दार कमिशनने नको म्हटलं, १९४९ ला नेहरू, पटेल, पट्टाभी या तिघांच्या समितीने तूर्त नको म्हटलं. मग तेलुगू राज्यासाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू त्यातच गेले, डिसेंबर १९५२, आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र झालं. एकदा एकाला दिलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार, म्हणून डिसेंबर १९५३ ला राज्य पुनर्रचना आयोग नेमला, फाजल अली, हृदयनाथ कुंझरू, के. एम. पणिक्कर. त्यांचा रिपोर्ट सप्टेंबर १९५५ अखेर आला.

देशभर बहुतेकांना आपापल्या भाषेचं राज्य मिळालं आणि आपल्याला काय मिळालं, तर गुजरात आणि महाराष्ट्र मिळून द्विभाषिक मुंबई राज्य आणि विदर्भ वेगळा. मुंबई हाच सगळा पेच होता. शहर मराठी मुलखात, गिरणीत राबणारा माणूस कोकण-घाटावरचा, पण पैसा आणि व्यापार बराचसा गुजराती आणि इतरांचा, त्यामुळे मुंबई महाराष्ट्रात गेली तर आपलं काय ही भीती एका बाजूला, आणि मुंबईशिवाय महाराष्ट्र म्हणजे मुंडकं नसलेलं धड ही भावना दुसऱ्या बाजूला. नोव्हेंबरात काँग्रेसने त्रिराज्य योजना काढली, महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई शहर वेगळं. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, १५ माणसं गेली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी रेडिओवर जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील, आणि मग शहर पेटलंच, पुढचा आठवडाभर गोळीबार चालू होता. एकूण हुतात्म्यांचा १०५ हा आकडा आपल्या तोंडात बसलेला आहे, पुढच्या याद्यांत तो आणखी एकदोनाने वाढतो.

आता या सगळ्यात देशमुख कुठे होते? दिल्लीत, मंत्रिमंडळात. गोळ्या चालवणारं राज्य सरकार त्यांच्याच पक्षाचं, योजना जाहीर करणारं केंद्र सरकार त्यांचं स्वतःचं, आणि मेलेली माणसं त्यांच्या भाषेची, त्यांच्या जिल्ह्यातलीही असणार, कारण मुंबईतला कामगार कुलाबा-रत्नागिरीचाच होता. या तीन गोष्टी एका माणसाच्या अंगावर एकाच वेळी येणं म्हणजे काय हे मला नुसतं लिहितानाही जड जातंय.

१९ जानेवारी

या तारखेवर मी मुद्दाम थांबतो. १६ तारखेला मुंबईची घोषणा, २२ पर्यंत गोळीबार, आणि बरोबर मध्ये, १९ जानेवारीला, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर देशाशी बोलले. विषय मुंबई नव्हता. विषय होता आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण. वटहुकूम निघाला, १५४ भारतीय विमा कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, सगळ्या मिळून २४५, यांचा कारभार सरकारने हातात घेतला. देशातला एवढा मोठा आर्थिक निर्णय, आणि तो अत्यंत गुप्त ठेवलेला, कारण बाहेर फुटला असता तर कंपन्यांनी पैसा इकडचा तिकडे केला असता.

त्या संध्याकाळी मायक्रोफोनसमोर बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? मुंबईत कर्फ्यू, आणि हा माणूस पॉलिसीधारकांना सांगतोय की तुमचे पैसे सुरक्षित आहेत, काळजी करू नका. काम नेमून दिलेलं होतं, ते त्यांनी केलं. स्वाधिकारात हयगय नाही.

आणि याच गोष्टीतून पुढच्या राजीनाम्याचा खरा मुद्दा मला कळला. गुप्तपणे घेतलेला निर्णय म्हणजे वाईटच असं देशमुखांचं म्हणणं असूच शकत नाही, त्यांनी स्वतः असा निर्णय राबवला. पण वटहुकमाला मजकूर असतो. त्यावर राष्ट्रपतींची सही असते, तारीख असते, कलमं असतात, आणि नंतर त्याला संसदेपुढे यावंच लागतं. विमा वटहुकूम आला, त्याचा पुढे कायदा झाला, १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली. तोपर्यंत ती उभी करणारा माणूस मंत्री राहिलेला नव्हता.

३ जून

जानेवारीतच देशमुखांनी राजीनामा देऊ केला होता, पण तेव्हा तो तसाच राहिला. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी बजेट मांडलं. पुनर्रचनेचं बिल संसदेत आलं, सिलेक्ट कमिटीकडे गेलं. इकडे महाराष्ट्रात ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार, सगळ्या रंगांची माणसं एका मांडवाखाली आली.

मग ३ जून १९५६. मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस कमिटीचं अधिवेशन होतं आणि तिथे नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई पाच वर्षं केंद्राच्या कारभाराखाली राहील आणि मग तिथल्या लोकांना आपलं काय ते ठरवता येईल.

कुठे जाहीर केलं ते परत वाचा. पक्षाच्या अधिवेशनात. बिल संसदेपुढे असताना, सरकारचा निर्णय म्हणून, पक्षाच्या व्यासपीठावरून. वर्तमानपत्रात आलं, लोकांनी वाचलं, आणि केंद्रीय अर्थमंत्र्यानेही ते तसंच वाचलं असावं, कारण त्यांच्या निवेदनाप्रमाणे हा प्रस्ताव कॅबिनेटपुढे आलाच नव्हता.

निवेदन

जुलैत अखेर राजीनामा झाला, आणि त्याचं कारण म्हणून २५ जुलैला लोकसभेत त्यांनी जे सांगितलं त्यातला गाभा मी माझ्या शब्दांत मांडतो. हा प्रस्ताव कॅबिनेटमध्ये चर्चेला आला नाही. कागद फिरवून सह्या घेण्याची पद्धत असते, तसाही फिरला नाही. ज्या मंत्र्यांचा या विषयाशी खास संबंध आहे त्यांना, म्हणजे मला, वेगळं विचारलं गेलं नाही. कॅबिनेटच्या एखाद्या कमिटीची मीटिंग झाली म्हणावी तर तिचीही नोंद नाही. आणि आज, या क्षणापर्यंत, या तथाकथित निर्णयाचा अधिकृत मजकूर कॅबिनेटच्या सदस्यांकडे नाही. राज्य पुनर्रचनेच्या बाबतीत हे नेहमीचं झालंय, काही जण, त्यात पंतप्रधानही आले, कॅबिनेटच्या नावाने निर्णय घेतात आणि जाहीर करतात, आणि हे बेपर्वाईचं आहे, घटनेला धरून नाही.

दुसरा भाग होता गोळीबाराचा. मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी ही मागणी सरकारने धुडकावली, आणि त्यात त्यांना पंतप्रधानांच्या मनातला महाराष्ट्राबद्दलचा आकस दिसला, तसं ते स्पष्ट बोलले. आपल्याकडे हेच वाक्य गाजलं. साहजिक आहे, जखम ताजी होती आणि दिल्लीत उभं राहून नेहरूंना असं तोंडावर म्हणणारा त्यांच्याच मंत्रिमंडळातला माणूस दुसरा कोण होता. पण आकस हा मनातला भाग, तो कुणी सिद्ध करू शकत नाही आणि कुणी खोडूही शकत नाही, त्यामुळे तिथे वाद अडकतो. पहिल्या भागाचं तसं नाही. नोंद आहे किंवा नाही. मजकूर आहे किंवा नाही.

संस्कृतचा अभ्यास करणाऱ्याला पाठ या शब्दाचा काय अर्थ असतो ते इथे सांगायला हवं. एखाद्या ग्रंथाच्या दहा हस्तलिखितात दहा पाठभेद असतात, एकीत एक शब्द, दुसरीत दुसरा, आणि टीकाकार कितीही मोठा असला तरी तो आधी हे ठरवतो की मूळ पाठ कोणता. पाठ ठरल्याशिवाय अर्थावर भांडायचं नाही, ही त्या विद्येची पहिली शिस्त. आता ३ जूनच्या घोषणेकडे बघा. पाच वर्षांनी लोकांना ठरवता येईल म्हणजे कसं? मतदान घेऊन? विधानसभेच्या ठरावाने? पाच वर्षं कधीपासून मोजायची? ज्याने त्याने पेपरात वाचलं आणि आपापला अर्थ लावला, आणि ज्यांच्या नावाने निर्णय झाला त्या मंत्र्यांच्या टेबलावरही त्याची प्रत नाही. या अवस्थेत शंकरशेटवाला माणूस दुसरं काय विचारणार? मूळ मजकूर कुठंय आणि वाक्याचा कर्ता कोण, एवढंच. हे माझं वाचन आहे, देशमुखांनी स्वतः असं जोडलेलं नाही, पण त्यांचे प्रश्न ज्या क्रमाने येतात तो क्रम मला फार ओळखीचा वाटतो.

घटनेच्या बाजूनेही त्यांचा मुद्दा भक्कम आहे. कलम ७५ म्हणतं की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. सामूहिक जबाबदारी म्हणजे निर्णय पटला नाही तरी बाहेर सगळ्यांनी एका तोंडाने बोलायचं, नाहीतर बाहेर पडायचं. ठीक आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की ज्याची जबाबदारी माझ्यावर टाकताय तो निर्णय घेताना मला विचारायला हवं. विचारायचं नाही आणि जबाबदारी मात्र सगळ्यांची, हे कसं चालेल. देशमुखांनी नेमकं या ठिकाणी बोट ठेवलं.

नेहरूंची बाजू

नेहरूंची बाजू न मांडता पुढे जाणं बरोबर होणार नाही. त्यांनी आकसाचा आरोप नाकारला. मुंबईचा विषय कॅबिनेटमध्ये महिनोन्महिने या ना त्या रूपात चालू होता असं त्यांचं म्हणणं, आणि पंतप्रधान हा सरकारचा मुख्य खांब आहे, सरकारचं धोरण तो मांडू शकतो अशी त्यांची भूमिका. यातही तथ्य आहे. मोठ्या विषयात प्रत्येक वाक्य कॅबिनेटकडून पास करून घेऊन कुठलाच पंतप्रधान बोलत नाही. आणि फाळणीत जे पाहिलं होतं त्यानंतर मुंबईसारख्या मिश्र शहराबद्दल नेहरूंना काळजी वाटली तर ती खोटी म्हणता येणार नाही.

तरीही मला देशमुखांचं पटतं. धोरण मांडणं वेगळं आणि एका शहराचं पाच वर्षांचं भवितव्य ठरवून टाकणं वेगळं, तेही ज्या शहरात चार महिन्यांपूर्वी प्रेतं पडली होती त्याच शहरात उभं राहून.

उशीर

या प्रकरणातला मला टोचणारा भाग म्हणजे जानेवारी ते जुलै. २१ नोव्हेंबरला माणसं मेली तेव्हा ते मंत्री होते, जानेवारीत मेली तेव्हा मंत्री होते, आणि बजेटही त्यांनीच मांडलं. सहा महिने. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना हे सहा महिने कसे वाटले असतील? मी देशमुखांचा आदर करणारा माणूस आहे आणि तरीही मला वाटतं की जानेवारीतला राजीनामा जानेवारीतच तडीला न्यायला हवा होता. माझा अंदाज असा की विमा, बजेट, दुसरी पंचवार्षिक योजना ही हातातली कामं त्यांना अर्धवट टाकवेनात, आणि बिल संसदेत बदलेल ही आशाही असेल. आयसीएसमध्ये आणि बँकेत घडलेला माणूस फाईल टेबलावर ठेवून उठून जात नाही. त्यांचा हाच गुण इथे आडवा आला.

आणि याच्या शेजारी यशवंतराव चव्हाणांना ठेवून बघा. यशवंतराव फलटणला म्हणाले होते की नेहरू आणि महाराष्ट्र यात निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंच्या बाजूने, आणि त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रात केवढ्या शिव्या खाल्ल्या. पण ते आत राहिले, आतून रेटत राहिले, नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा मंगल कलश त्यांच्या हातात होता. बरोबर कोण? मला दोघांपैकी एक निवडता येत नाही. यशवंतरावांकडे माणसं होती, पक्ष होता, थांबण्यातून काहीतरी घडवण्याची ताकद होती. देशमुखांकडे यातलं काही नव्हतं, त्यांच्याकडे फक्त स्वतःची सही होती, ती त्यांनी काढून घेतली.

मग झालं काय

राजीनाम्यानंतर दोन आठवड्यांच्या आत दिल्लीचा नूर पालटला. बऱ्याच खासदारांनी सह्या करून महाद्विभाषिकाची सूचना पुढे केली, म्हणजे गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ आणि मुंबई सगळं एकच राज्य, आणि ऑगस्टमध्ये लोकसभेने ते मंजूरही केलं. मुंबई केंद्रशासित करायची योजना गेली. हे देशमुखांमुळे झालं का? फक्त त्यांच्यामुळे नक्कीच नाही, रस्त्यावरच्या आंदोलनाने दिल्ली हादरलेली होती. पण कॅबिनेटमधला अर्थमंत्री उठून सांगतो की या निर्णयाला कागदच नाही, त्यानंतर तो निर्णय रेटून नेणं अवघड झालं असणार.

आणि त्याजागी जे आलं तेही घाईतच आलं. अहमदाबादला ऑगस्टमध्येच गोळीबार झाला, वेगळ्या गुजरात राज्यासाठी महागुजरातचं आंदोलन पेटलं, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस साफ झाली, आणि चार वर्षांत हे राज्य मोडावं लागलं. पुन्हा तेच, ज्यांच्यावर निर्णय लादला जाणार त्यांना विचारलं नव्हतं.

देशमुखांचं पुढे काय झालं हा भाग मला सगळ्यात सुंदर वाटतो. १९५६ लाच ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे अध्यक्ष झाले, पंतप्रधान तेच नेहरू. दोघांनीही त्या भांडणाला घरात घेऊन ठेवलं नाही. १९६१ पर्यंत तिथे, मग १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ ला मॅगसेसे. दिल्लीतलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर त्यांनी उभं केलं, आणि या सगळ्यात दुर्गाबाई सोबत होत्या, घटना समितीच्या सदस्य राहिलेल्या, आंध्रच्या. १९५३ ला दोघांचं लग्न झालं होतं. ज्या वर्षी तेलुगू लोकांना भाषेचं राज्य मिळालं त्याच वर्षी या मराठी माणसाचं तेलुगू घर झालं, त्यामुळे भाषिक राज्य म्हणजे दुसऱ्या भाषेचा द्वेष असं त्यांच्याबाबतीत कुणी म्हणू शकत नाही.

आणि संस्कृत? राजीनाम्याच्या पुढच्याच वर्षी, १९५७ ला, त्यांची गांधी सूक्ति मुक्तावली आली, गांधीजींची निवडक वचनं संस्कृत श्लोकांत. ज्या पक्षाच्या सरकारातून नुकतेच बाहेर पडले त्या पक्षाच्या महात्म्याचे शब्द घेऊन हा माणूस अक्षरं मोजत बसला होता. मूळ वचनाला धक्का न लावता ते वृत्तात बसवायचं म्हणजे एकेका शब्दासाठी थांबावं लागतं, अर्थ वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. संस्कृत काव्यमालिका हा त्यांच्या स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह १९६८ ला आला, तेव्हा वय ७२.

१९६९ ला राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर, पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मतं मिळून तिसरे आले. व्ही. व्ही. गिरी जिंकले. १९७५ ला पद्मविभूषण मिळालं. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला गेले.

नाते-रोह्याकडे जाताना रस्त्यात मी हे नाव दरवेळी आठवतो आणि सोबत कुणी असेल तर त्यांना सांगतो, बहुतेकांना नोटेवरची सही माहीत असते, राजीनामाही माहीत असतो, पण त्या राजीनाम्यात काय लिहिलंय ते फारच थोड्यांनी वाचलेलं असतं. तो शोधायला अवघड नाही. ३ जूनच्या निर्णयाचा मजकूर तेव्हा मंत्र्यांनाही मिळाला नाही, पण देशमुखांच्या निवेदनाचा अधिकृत मजकूर लोकसभेच्या छापील कामकाजात आहे, जुलै १९५६, कुणालाही काढून वाचता येतो.